लोखंडी टोप खरा की बनावट? आधी धातू बघा, रंग शेवटी

महूची छावणी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर वसली. तेव्हापासून इंदूरच्या आसपास लष्करी सामानाला तोटा नाही. एखाद्या अटाल्याच्या दुकानात, जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा निवृत्त सुभेदारांच्या ट्रंकेत लोखंडी टोप निघतो आणि विकणारा लगेच सांगतो, "दुसऱ्या महायुद्धातला आहे, साहेब." कधी ते खरं असतं. पण टोप युद्धानंतर बनलेलाही असू शकतो किंवा नाटक-सिनेमासाठी ठोकलेली नक्कल असू शकते. सर्वात त्रासदायक प्रकार म्हणजे खऱ्या टोपावर रंगवलेली खोटी चिन्हं. इंटरनेटवर खरेदी करणाऱ्याला तर वस्तू हातात न घेताच पैसे द्यावे लागतात.

या व्यवहारात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टोपाची किंमत ज्यांच्यामुळे चढते, त्याच गोष्टी बनवायला सर्वात सोप्या असतात. डिव्हिजनचं चिन्ह, गरुड, सैनिकाचं नाव, गोळीचं भोक ही सगळी एका संध्याकाळची कामं आहेत. उलट, मिलिमीटरभर जाडीचा मँगेनीज पोलादाचा पत्रा न फाटता खोलगट दाबायला कारखाना आणि जड प्रेस लागतो, म्हणून नक्कल करणारा तिथे हात आखडता घेतो. त्यामुळे तपासणी आधी धातूची, मग बांधणीची, मग ठशांची, मग अस्तर-पट्ट्याची, त्यानंतर रंगाची आणि सगळ्यात शेवटी गोष्टीची. विकणारा गोष्टीपासून सुरुवात करेल. ती नीट ऐकून घ्या, पण वस्तू उलट्या क्रमाने बघा.

सोबत फार काही लागत नाही: दोऱ्याला बांधलेला छोटा साधा चुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, पांढरा सुती रुमाल, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल.

चुंबक काय सांगतो आणि काय सांगत नाही

शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगेनीज घातलेलं पोलाद तयार केलं. इतक्या मँगेनीजमुळे लोखंडाच्या अणूंची रचना थंड झाल्यावरही बदलत नाही. ती ऑस्टेनाइट नावाच्या रूपात राहते, आणि या रूपाला चुंबक धरत नाही. शिवाय हे पोलाद मार बसला की त्या जागी आणखी कडक होतं, म्हणून पातळ पत्र्यातही ते उडणारे तुकडे अडवतं. पहिल्या महायुद्धातला, जॉन ब्रॉडीने रचलेला ब्रिटिश ब्रॉडी टोप (म्हणजे मार्क १), त्याचा वारस मार्क २, १९४४ चा कासवाच्या पाठीसारखा मार्क ३, आणि अमेरिकेचे एम १९१७ व एम १ हे सगळे याच पोलादाचे.

नक्कल साध्या पत्र्याची असते. तिला चुंबक चटकन चिकटतो आणि मामला तिथेच संपतो.

पण ही चाचणी घाईने केली तर फसवते. चुंबक दोऱ्याला लोंबता धरा आणि टोपाच्या माथ्याजवळ, मग बाजूंच्या मधल्या भागाजवळ न्या. काठाजवळ, रिवेटजवळ किंवा पट्ट्याच्या कडीजवळ नेऊ नका, कारण ते भाग बऱ्याचदा साध्या पोलादाचे असतात आणि खऱ्या टोपातही चुंबक ओढतात. ब्रॉडी मार्क १ चा दुमडून बसवलेला काठ साध्या पोलादाचाच आहे. माथ्यावर अगदी पुसटशी ओढ जाणवली तरी घाबरू नका. भट्टीत तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन जळतो, आणि तो पातळ थर किंचित चुंबकीय होतो. चुंबक हलकासा कलणं वेगळं आणि टक्कन चिकटणं वेगळं. निओडिमियमचा जबर चुंबक वापरला तर हा फरक कळत नाही, म्हणून साधाच घ्या.

चिकटला म्हणजे दर वेळी नक्कल, असंही नाही. ब्रिटनमध्ये नागरी संरक्षणासाठी हलक्या दर्जाचे मार्क २ काढले होते, आणि त्यांतले काही साध्या पोलादाचे होते. आघाडीवर पाठवू नयेत म्हणून त्यांच्या काठाला छोटी भोकं पाडलेली असतात. ते खरे, युद्धकाळातले, पण आघाडीवरचे नव्हेत. त्यांची किंमत त्या मानानेच द्यावी. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मार्क २ लाही मागच्या काठावर तीन भोकं असतात, पण ती मानेवर ऊन लागू नये म्हणून कापड अडकवायला. दोन्ही भोकांची गल्लत करून चांगला टोप नाकारणारे संग्राहक आहेत. भारत, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या टोपांचा निकाल एकट्या चुंबकावर देऊ नका, ठसे आणि बांधणी बघून द्या.

जर्मन टोपांना ही चाचणी लागूच होत नाही. त्यांचं पोलाद वेगळं आहे आणि खऱ्यालाही चुंबक घट्ट चिकटतो. जपानी टाइप ९० चंही तसंच. "चुंबक चिकटला, म्हणजे अस्सल पोलाद" असं जर्मन टोपाबद्दल कोणी सांगितलं, तर त्याने काहीच सिद्ध केलेलं नाही.

ब्रिटिश टोप: आपल्याकडे सर्वात जास्त हेच

मार्क १ चं अस्तर मेणकापडाचं आणि पट्टा चामड्याचा. १९३८ पासूनच्या मार्क २ मध्ये अस्तर माथ्यावर एकाच स्क्रूने अडकवलेलं असतं, आत डोक्यावर येणारी रबराची अधिक-चिन्हासारखी गादी असते आणि पट्टा कापडी, ताणणारा. त्या स्क्रूला सरळ खाच असते. तिथे फुलीची खाच दिसली तर निदान स्क्रू तरी नंतरचा आहे.

ठसा काठाच्या खालच्या बाजूला, पट्ट्याच्या कडीजवळ असतो: कारखान्याची आद्याक्षरं आणि साल. बी.एम.बी. म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, जे.एस.एस. म्हणजे जोसेफ सँकी, आर.ओ. म्हणजे रुबरी ओवेन, एच.बी.एच. म्हणजे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन. रंगाच्या दोन-तीन थरांखाली ठसा बुजलेला असतो. खरवडू नका. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, अक्षरं कागदावर उमटतात. तेही जमलं नाही तर अंधारात मोबाइलची टॉर्च अगदी तिरपी धरून बघा. खरा ठसा रंगाच्या खाली असतो. रंगाला कापत आत गेलेला, कडांना चकाकणारा ठसा अलीकडे मारलेला आहे.

अस्तरावरही कारखाना, माप आणि साल छापलेलं असतं. टोप १९३९ चा आणि अस्तर १९४० चं असेल तर ते अगदी स्वाभाविक आहे, कारण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बनत. टोप १९३९ चा आणि अस्तर पन्नाशीच्या दशकातलं असेल तर दुरुस्त केलेला टोप म्हणा. तो बनावट ठरत नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगायला हवं.

इथे एक अपवाद नीट समजून घ्या. १९३० च्या दशकात जुन्या मार्क १ टोपांत नवं, मार्क २ सारखं अस्तर आणि कापडी पट्टा बसवून ते पुन्हा वाटले गेले. यांना मार्क १ तारांकित म्हणतात. पहिल्या महायुद्धाचा टोप आणि दुसऱ्या महायुद्धाचं अस्तर पाहून "जोडतोड आहे" म्हणणं इथे चुकीचं ठरेल. माझ्या मते हे टोप कमी लेखले जातात, आणि जुन्या वस्तूची खरी ओढ असलेल्याने ते आवर्जून घ्यावेत.

मार्क ३ घेताना मार्क ४ गळ्यात पडत नाही ना, हे बघा. बाहेरचा आकार जवळजवळ तोच असतो. मार्क ४ चं अस्तर माथ्यावर दाबबटनासारख्या खटक्याने निघतं, मार्क ३ चं स्क्रूने. मार्क ४ युद्ध संपता संपता आला आणि पुढे अनेक वर्षं वापरात राहिला, म्हणून तो मुबलक आणि स्वस्त आहे.

अमेरिकन एम १

युद्धकाळात याचे पोलादी टोप दोनच कंपन्यांनी बनवले: डेट्रॉइटची मॅककॉर्ड आणि सेंट लुईसची श्लूटर. आतल्या बाजूला, पुढच्या काठाजवळ आकडे आणि एखादं अक्षर असा ठसा असतो. श्लूटरच्या टोपावर त्यासोबत एस असतो.

काठाची पट्टी जिथे जुळते तो सांधा बघा. १९४४ च्या उत्तरार्धापर्यंत तो कपाळाच्या मध्यावर यायचा, नंतर मागे नेला. पट्ट्याच्या कड्या आधी पक्क्या डागलेल्या होत्या. टोप आपटला की त्या तुटायच्या, म्हणून १९४३ च्या अखेरीपासून हलणाऱ्या कड्या आल्या. युद्धकाळात पट्टा कडीला शिवलेला असायचा. क्लिपने अडकवलेला पट्टा नंतरचा. खऱ्या एम १ च्या काठाजवळ केसासारखी बारीक चीर पुष्कळदा दिसते. दाबताना पत्र्यात राहिलेला ताण वर्षांनी बाहेर येतो, म्हणून ती पडते. दिसायला दोष, पण अस्सलपणाच्या बाजूची साक्ष. युरोपातल्या अनेक सैन्यांनी युद्धानंतर याच आकाराचे टोप बनवून घेतले. बाजारात "एम १" म्हणून तेही येतात, आणि त्यांपैकी बरेच चुंबकाला चिकटतात.

छत्रीधारी सैनिकांच्या एम २ टोपाला डी-आकाराच्या कड्या असतात. त्याची किंमत साध्या एम १ च्या कित्येक पट असल्याने साध्या टोपाच्या कड्या कापून डी-कड्या डागल्या जातात. आतून-बाहेरून त्या जागेचा रंग बघा. डाग देताना जळलेला रंग, ग्राइंडरचे समांतर ओरखडे, जुनी कडी निघाल्याची पुसट चौकोनी सावली, यांपैकी एक जरी दिसलं तरी टोप खाली ठेवा.

जर्मन टोप: सर्वाधिक खोटेपणा इथे

तीन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. एम ३५ चा काठ आत वळवलेला आणि हवेच्या भोकात वेगळी बसवलेली छोटी नळी. एम ४० चा काठ तसाच, पण भोक पत्र्यातच दाबून काढलेलं. एम ४२ मध्ये खर्च वाचवायला काठ वळवलाच नाही. तो बाहेरच्या बाजूला जरा उघडा, धारदार राहिला. आत डाव्या बाजूला कारखाना आणि माप असतं, जसं ई.टी. ६४. ई.टी. म्हणजे थाले, क्यू म्हणजे क्विस्ट, एन.एस. म्हणजे श्वेर्टेची निकेल कंपनी. मागच्या बाजूला लॉटचा आकडा असतो.

आता उपयोगी हिशेब. टोपाचं माप आणि अस्तराच्या पट्टीवरचं डोक्याचं माप ठरावीक अंतराने चालतं: ६२ च्या टोपाला ५४ किंवा ५५, ६४ ला ५६ किंवा ५७, ६६ ला ५८ किंवा ५९, ६८ ला ६० किंवा ६१. म्हणजे फरक सात किंवा आठ. ६४ च्या टोपात ६१ चं अस्तर असेल तर ते बाहेरून आणलेलं आहे, आणि तशा टोपात ते नीट बसतही नाही. अस्तर तीन फाट्याच्या पिनांनी धरलेलं असतं. पिन कधी उघडली असेल तर तिच्या डोक्याभोवतीचा रंग फुटलेला दिसतो आणि आतल्या पाकळ्यांवर पक्कडीचे दात उमटतात.

चिन्हांच्या तारखा पाठ करून ठेवाव्यात. उजव्या बाजूची तिरंगी ढाल १९४० मध्ये बंद झाली, उरलेलं डाव्या बाजूचं गरुडाचं चिन्ह १९४३ मध्ये. म्हणून एम ४२ वर दोन्ही बाजूंना चिन्हं असतील तर ती नंतर लावलेली धरा. भिंगातून बघा: छापील ठिपके दिसले, तर ते आजच्या छपाईचं काम आहे. खऱ्या चिन्हावर आणि भोवतालच्या रंगावर ओरखडे सलग जातात. खोट्यात ओरखडा चिन्हाच्या कडेपाशी थांबतो आणि चिन्हाखालून पुढे जातो, कारण चिन्ह जुन्या ओरखड्यावर चिकटवलेलं असतं. माझा आग्रह असा की नवख्याने एस.एस. या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या चिन्हांचे टोप घेऊच नयेत. चिन्हामुळे किंमत इतकी वाढते की खोटं करणाऱ्याला हवी तेवढी मेहनत परवडते.

हंगेरीचा एम ३८ आणि स्पेनचा १९४० च्या दशकातला टोप दुरून जर्मन वाटतात. हंगेरियन टोपाला मागे एक कडी असते, स्पॅनिशला पुढे बिल्ला अडकवायची खोबण. ती कापून, घासून वर रंग दिलेले नमुने विकले जातात. आतून बोट फिरवलं की खडबडीत जागा लागते.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेला म्हणून जपानी टाइप ९० कधी समोर येतो. पुढचा तारा आतून वळवलेल्या पायांनी धरलेला असावा, आणि बांधायला कापडी फीत असावी, बक्कल नव्हे.

कापड, चामडं, गंज

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत पट्ट्यावर आणि शिलाईवर धरा. आजच्या दोऱ्यात आणि कापडात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. युद्धकाळातला सुती दोरा तसा पेटत नाही. मात्र घरी कोणी पट्टा आजच्या पावडरीने धुतला असेल तर खराही चमकेल, म्हणून पट्ट्यापेक्षा शिलाईच्या आतल्या, पाणी न पोचलेल्या दोऱ्याकडे बघा. विकणाऱ्याची परवानगी असेल तर सुटलेल्या दोऱ्याचं टोक जाळा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ताणून सोडला की झटकन परत येणारा रबरी पट्टा ऐंशी वर्षांचा नसतो. तेवढ्या काळात रबर मरतं.

चामड्यावर ओलसर पांढरा रुमाल हलकेच दाबा. तपकिरी डाग आला तर बूट-पॉलिश किंवा चहाने म्हातारं केलेलं असू शकतं. खरं जुनं चामडं डोक्याचा घाम लागतो तिथे काळवंडतं आणि घडीवर तडकतं. सगळीकडे एकसारखं काळं असेल तर शंका घ्या.

गंजाचंही तसंच. मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून रात्रीत आणलेला गंज भगवा, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा असतो, बोटाला लागतो. जुना गंज काळपट, कडक, आणि पाणी साचतं तिथे जास्त: काठाच्या घडीत, रिवेटभोवती, अस्तराखाली. टोप ज्या बाजूवर टेकून ठेवला होता ती बाजू वेगळी दिसली पाहिजे.

गोळीचं भोक असेल तर आतून बघा. गोळी पत्रा आत ढकलते, कडा असमान फाटतात, भोवतालचा रंग तडकून उडालेला असतो. ड्रिलचं भोक गोल असतं आणि त्याच्या कडेला एकसारखी किनार उठते. भोकाच्या आत आणि टोपावर गंजाचं वय एकच हवं.

शेवटी गोष्ट, तारखांसह

"पणजोबा १९१५ मध्ये न्यव्ह शापेलला लढले, हा त्यांचा टोप." फ्रान्समधली ती लढाई मार्च १९१५ ची. ब्रॉडीने आपल्या टोपाचं पेटंट घेतलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि लाहोर व मेरठ या भारतीय पायदळ डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून गेल्या. त्या लढाईत कोणाच्याच डोक्यावर ब्रॉडी नव्हता. पणजोबा तिथे असतीलच, टोप मात्र त्या लढाईचा नाही. फ्रान्समध्ये १९१८ पर्यंत राहिलेल्या भारतीय घोडदळाची गोष्ट असेल तर ती तारखेला जुळू शकते. तसंच, लिबियातल्या १९४१ च्या तोब्रुकच्या लढाईतून आलेला जर्मन एम ४२ किंवा ब्रिटिश मार्क ३ असू शकत नाही, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एम १ च्या काठाचा सांधा मागे असू शकत नाही. ब्रह्मदेशात गुरख्यांनी आणि इतर पलटणींनीही रुंद काठाची फेल्टची हॅट भरपूर वापरली, शीख पलटणी पगडीवरच राहिल्या. त्यामुळे कोणत्या पलटणीची गोष्ट सांगितली जाते आहे तेही विचारा.

चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्याची काळी मांजर, पाचव्याचा लाल गोळा, ही चिन्हं हल्ली साध्या मार्क २ वर रंगवली जातात. नियम तोच: चिन्ह ओरखड्यांच्या खाली हवं, वर नको. खाकी रंगावर एक खोल चरा शोधा आणि तो चिन्हातून कसा जातो ते भिंगाने बघा. दुसरं काही बघितलं नाही तरी एवढं बघा.

खरेदीपूर्वी फोटो मागवताना आतला पूर्ण भाग, दोन्ही ठसे, काठाचा सांधा, पट्ट्याची शिलाई आणि माथ्यावर टेकवलेला चुंबक असे मागा. फक्त बाहेरून, चिन्हाच्या बाजूने काढलेले सुंदर फोटो पुन्हा पुन्हा येत असतील तर पैसे पाठवू नका. पावतीवर "जुना टोप" असं न लिहिता प्रकार, कारखाना, साल आणि "चिन्ह मूळचं आहे" असं लिहून घ्या. खोटं निघाल्यावर परत करायला तेवढाच आधार असतो.

घरी आणल्यावर डोक्यावर घालून आरशात बघायचा मोह आवरा. ब्रॉडीच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१४ साली शाळांना असे टोप मुलांच्या हाती देऊ नका असं बजावलं गेलं. अस्तराची गादी फाटलेली असेल तर झटकू नका, ओरबाडू नका. जुन्या रंगात शिसं असतं, सँडपेपर लावू नका. स्वच्छ करायचंच असेल तर पत्रा किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडा करा, उघड्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. चामड्याला तेल पाजू नका, ते लिबलिबीत होऊन शिलाई सोडतं. जुलै-ऑगस्टात टोप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर आत दव साचतं. सुती कापडात गुंडाळा आणि जवळ सिलिका जेल ठेवा.

आणि पहिल्या महायुद्धाचा टोप परदेशातल्या कोणाला विकायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१६ चा ब्रॉडी आता त्या वयात आला आहे.